पत्ता जोडणीचा, माणसाचा नव्हे

निनावी पत्र आपल्या व्यापारी घरांना नवे नाही. मुलीचे लग्न ठरत आले, साखरपुड्याची तिथी निघाली, की वरपक्षाच्या पेढीवर एखादे आंतरदेशीय पत्र येऊन पडे. अक्षर मुद्दाम वाकडे काढलेले, खाली सही नाही; असलीच तर ‘आपला एक हितचिंतक’ एवढीच. वडीलधारी मंडळी मजकूर वाचण्याआधी पत्र उलटून पोस्टाचा शिक्का पाहत. पत्र कोणत्या गावच्या टपालात पडले आणि कोणत्या तारखेला, एवढे त्यावरून कळे. मग त्या गावात आपले कोण आहे, कोणाशी देण्याघेण्याचा तंटा आहे, याची मनात जुळवाजुळव सुरू होई. जाणती माणसे मात्र तेथे थांबत. लोणंदचा शिक्का असलेले पत्र लोणंदच्याच माणसाने लिहिले असे थोडेच आहे? कोणीही दोन स्टेशने पुढे जाऊन पेटीत टाकावे आणि परत यावे.

आता पत्र येत नाही, मोबाइलवर संदेश येतो. शिक्क्याची जागा आयपी क्रमांकाने घेतली आहे. पूर्वीच्या जाणत्यांचे ते थांबणे मात्र आपण हरवून बसलो आहोत, असे एका प्रसंगामुळे तीव्रतेने वाटले.

सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी आमच्या परिचयाचे एक घर आहे. भुसार मालाची आडत, तीन पिढ्यांची. दोन भावांचा व्यवसाय एकत्र, चूल वेगळी. थोरल्या भावाच्या मुलीचे स्थळ जमत आले असताना मुलाकडच्या मंडळींना समाजमाध्यमावरील एका अनोळखी खात्यावरून मुलीविषयी आणि घराच्या कर्जाविषयी वाईट मजकूर आला. स्थळ मोडले. घरातील एका हुशार तरुणाने त्या खात्याला एक दुवा पाठविला. असा दुवा उघडणाऱ्याचा आयपी क्रमांक पाठविणाऱ्याकडे नोंदला जातो. क्रमांक मिळाला, तो नकाशा दाखविणाऱ्या संकेतस्थळावर टाकला आणि पडद्यावर टाचणी टोचली गेली ती पुण्यावर. धाकट्या भावाचा मुलगा पुण्यात शिकतो. झाले! कोणी मोठ्याने आरोप केला नाही, परंतु त्या दिवसापासून दोन्ही घरांचे जेवण, जाणे-येणे, पर्वणीचा एकत्र अभिषेक, सारे थांबले. पेढीवर दोघे भाऊ एकाच गादीवर बसत आणि बोलत फक्त भावाचे व वजनाचे.

त्या टाचणीचा अर्थ काय होता, हे समजण्यासाठी क्रमांकाचे मूळ पाहिले पाहिजे.

इंटरनेटवर माहिती पाठवायची तर ती कोठून निघाली आणि कोठे पोहोचवायची हे ठाऊक असावे लागते. त्यासाठी प्रत्येक जोडणीला एक क्रमांक लागतो, तोच आयपी पत्ता. तो जोडणीचा असतो, माणसाचा नसतो. कुंभोजच्या बाहुबलीला किंवा मांगीतुंगीला गेलेल्या यात्रेकरूला धर्मशाळेत १४ क्रमांकाची खोली मिळते. तो उद्या निघून जातो, संध्याकाळी तीच खोली दुसऱ्या कुटुंबाला मिळते. ‘१४ क्रमांकाच्या खोलीत कोण होते?’ या प्रश्नाला तारीख आणि वेळ सांगितल्याखेरीज अर्थ नाही, आणि उत्तर मुनीमजींच्या नोंदवहीतच असते, खोलीच्या दारावर नसते. आयपी क्रमांकाचे बहुतेक वेळा असेच आहे. राउटर बंद करून चालू केला किंवा फोन नव्याने जाळ्यात आला की क्रमांक बदलू शकतो. कोणत्या घटकेला तो कोणाकडे होता हे फक्त इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या नोंदीत सापडते.

पुढची अडचण याहून मोठी आहे. जुन्या पद्धतीचा आयपी क्रमांक ३२ बिटांचा. त्यातून सुमारे ४२९ कोटी क्रमांक तयार होतात. ज्या काळी ही रचना झाली त्या काळी संगणक मोजके होते आणि हा आकडा अफाट वाटला. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील वाटपायोग्य क्रमांक संपले. १२८ बिटांची नवी पद्धत आली आहे आणि भारतात मोबाइलवर ती बरीच रुळली आहे; पण जुनी पद्धत अजून चालूच आहे. टंचाईवर कंपन्यांनी असा उपाय काढला की एकाच बाहेरच्या क्रमांकाआड अनेक ग्राहक बसवायचे. खोल्या संपल्या की धर्मशाळेत मोठ्या दिवाणखान्यात गाद्या टाकतात, तसे. एका क्रमांकामागे एकाच क्षणी शेकडो फोन असू शकतात. त्यांच्यातून एक वेगळा काढायचा तर वेळ सेकंदापर्यंत हवी, शिवाय ‘पोर्ट’ नावाचा उपक्रमांकही हवा. ज्या संकेतस्थळावर मजकूर लिहिला गेला त्याने तो पोर्ट नोंदला नसेल, तर पुढची वाट बंद होऊ शकते. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या अभियंत्यांनी २०११ मध्येच ही नोंद ठेवण्याची शिफारस केली. सर्वजण ती ठेवतात असे नाही.

आता पुण्याच्या टाचणीकडे येऊ. नकाशा दाखविणारी संकेतस्थळे क्रमांकाचा पत्ता ‘शोधत’ नाहीत. कोणत्या कंपनीला कोणत्या क्रमांकांचा गट दिला आहे आणि ती कंपनी तो साधारण कोठे वापरते, याचा अंदाज त्यांच्या यादीत असतो. मोबाइल कंपनीचे अनेक जिल्ह्यांतील ग्राहक एखाद्या मोठ्या शहरातील यंत्रणेतून इंटरनेटवर बाहेर पडतात. त्यामुळे गावातल्या गावात, पेढीच्या समोरच्या ओट्यावर बसून लिहिणाऱ्याची टाचणीदेखील पुण्यावर पडू शकते, मुंबईवरही पडू शकते. त्या तरुणाने पाहिले ते कंपनीच्या वेशीचे ठिकाण. त्याचा चुलतभाऊ त्याच शहरात शिकतो, हा निव्वळ योगायोगही असू शकेल.

या टाचणीचा छळ किती होऊ शकतो, याचे एक विलक्षण उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस राज्यात घडले. मॅक्समाइंड ही कंपनी अशा अंदाजांच्या याद्या पुरविते. एखाद्या क्रमांकाविषयी ‘तो अमेरिकेत आहे’ यापलीकडे काहीच ठाऊक नसेल, तर टाचणी देशाच्या मध्याजवळ टोचायची असे कंपनीने ठरविले, आणि सोयीसाठी तेथील अक्षांश-रेखांशाचे पूर्णांक घेतले. तो बिंदू पॉटविन या खेड्याजवळच्या एका शेतघराच्या अंगणात पडत होता. ६० कोटींहून अधिक क्रमांकांचे ‘ठिकाण’ म्हणून ते एकच अंगण दाखविले जाऊ लागले. देशात कोठेही कोणी फसवणूक केली, धमकी दिली, फोन चोरला, की शोधणारे या घराच्या दारात येत. पोलीस आले, करखाते आले, संतापलेले नागरिक आले. वृद्ध मालकीणबाईंना आणि तेथे राहणाऱ्या भाडेकरूंना हा उपद्रव का होतो याचा वर्षानुवर्षे उलगडा होईना. २०१६ मध्ये एका पत्रकार महिलेने शोध घेतला तेव्हा कारण बाहेर आले आणि कंपनीने तो बिंदू हलवून एका जलाशयात नेला. ‘आम्हाला माहीत नाही’ असे सांगण्याऐवजी यंत्राने एक टाचणी दाखविली आणि माणसांनी तिला साक्षीदार मानले, एवढेच घडले होते.

कॅन्सस दूर आहे. येरवडा दूर नाही.

ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी बेंगळुरूत जाऊन एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुट या त्या वेळच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारे चित्र टाकल्याचा आरोप होता. पोलिसांनी आयपी क्रमांक मिळविला, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीकडे ग्राहकाचे नाव मागितले, कंपनीने दिले. पद्धत रीतसर होती. नाव मात्र चुकीचे होते. त्या क्रमांकाची ती जोडणी त्या वेळी या तरुणाकडे नव्हतीच. हे उघड होऊन सुटका होईपर्यंत त्याने येरवड्याच्या तुरुंगात सुमारे ५० दिवस काढले. महाराजांच्या अवमानाचा आरोप महाराष्ट्रातील तुरुंगात घेऊन राहणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी करावी. ज्यांच्या भावना दुखावल्या होत्या त्यांचा राग खरा होता. तो ज्याच्यावर निघाला तो माणूस मात्र भलताच होता.

अशी चूक होते कशी? वेगवेगळ्या वाटांनी होते, आणि त्यातली एक आपल्या हिशेबी मनाला लगेच पटेल. जगातील अनेक संगणक आपल्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्री ९ वाजता लिहिलेल्या मजकुराची नोंद तेथे दुपारी ३.३० अशी पडते. ती वेळ भारतीय समजून कंपनीला विचारले, तर कंपनी दुपारी साडेतीनला तो क्रमांक ज्याच्याकडे होता त्याचे नाव देईल. उत्तर खरे, प्रश्न चुकलेला, आणि शिक्षा तिसऱ्याला. रोजकीर्दीत एक रक्कम चुकीच्या तिथीला चढली तर खतावणी जुळत नाही आणि रात्री बसून मुनीम ती शोधून काढतो. येथे जुळत नसल्याचे कळायलाच कधी महिने लागतात.

म्हणून वेळेच्या अचूकतेला कायद्याचेही वजन मिळाले आहे. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संगणकांची घड्याळे अधिकृत प्रमाणवेळेशी जुळवून ठेवण्यास आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवण्यास सांगितले आहे. याचा दुसरा अर्थ तक्रारदाराने ध्यानात घ्यावा: सहा महिने ‘घरातले प्रकरण घरातच’ म्हणून बसलात, तर नंतर तपासाला नोंदच उरली नसेल.

नाव मागण्याचा अधिकार कोणाला, हेही स्पष्ट असावे. तुम्हाला नाही, मला नाही, पैसे घेऊन ‘आयपी काढून देतो’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. कंपनीने ग्राहकाचे नाव खाजगी माणसाला द्यावयाचे नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी अशा नोंदी मागवू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास किमान निरीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. निनावी राहून धमकी देणे हा फार जुना गुन्हा आहे. १८६० च्या दंडसंहितेतही त्याला वेगळे कलम होते, आजच्या न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये ते आले आहे आणि धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंतची कैद त्यात आहे. निव्वळ बदनामीची वाट निराळी; तेथे फिर्याद न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावी लागते, किंवा दिवाणी दावा लावावा लागतो. प्रतिवादीचे नावच ठाऊक नसेल तर? दिल्ली उच्च न्यायालयात अशा अज्ञात प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ म्हणण्याची चाल पडली आहे. खऱ्या अशोक कुमारांना याचे काय वाटत असेल, कोण जाणे. पण नाव ठाऊक नसताना दावा चालू शकतो, हे आपल्या व्यापाऱ्यांना उपयोगी पडावे.

तक्रारीला जाताना काय न्यावे? मजकुराचे नुसते छायाचित्र पुरत नाही. खात्याचे पूर्ण नाव, दुवा, दिवस व वेळ हे सारे हवे, आणि मूळ संदेश ज्या फोनमध्ये आला त्यात तसाच ठेवावा. संतापाने पुसून टाकला की आपणच आपला पुरावा पुसला. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, तेव्हा वकिलांना आधीच विचारावे. पैसे गेले असतील तर मात्र वकिलाची वाट न पाहता तत्काळ १९३० वर फोन करावा. तेथे मिनिटांना किंमत आहे.

आतापर्यंत आपण तक्रारदार आहोत असे धरून चाललो. व्यापाऱ्याच्या बाबतीत उलटेही घडू शकते, आणि त्याची तयारी फार थोड्या पेढ्यांवर दिसते. दुकानातील जोडणी मालकाच्या नावावर असते. वायफायचा परवलीचा शब्द मात्र दिवाणजीला, हमालाला, वरच्या मजल्यावरील भाडेकरूला, माल पाहायला आलेल्या दलालाला, सर्वांना ठाऊक असतो. कित्येक ठिकाणी तो गल्ल्यामागच्या भिंतीवर लिहिलेला असतो. यांपैकी कोणीही काही गैर केले, तर बाहेर दिसणारा क्रमांक एकच, आणि कंपनीच्या नोंदीत नाव मालकाचे. माणूसच असावा असेही नाही. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले केले. त्या यंत्रांचा दोष एवढाच की कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द मालकांनी कधी बदललाच नव्हता. चोरावर नजर ठेवायला लावलेला कॅमेरा परक्याच्या आज्ञेत काम करीत होता आणि मालक शांत झोपलेले होते. कॅमेरा बसविणाऱ्याला तो शब्द बदलायला लावणे, पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे वायफाय करून देणे, बिलाचा संगणक त्यापासून निराळा ठेवणे, हे तासाभराचे काम आहे. नोकर सोडून गेला की कुलपाची किल्ली परत घेतो. वायफायचा शब्द कोण बदलतो?

लपून लिहिणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ते सारे परक्या घरचे असतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. प्रतिस्पर्ध्याच्या दुकानाखाली खोटे नाव घेऊन एक तारा देणारा, ‘यांच्या डाळीत खडे असतात’ असे लिहिणारा, आपल्यातलाही असतो. त्याला वाटते खाते खोटे, मग आपण अदृश्य. परंतु ते खाते उघडताना दिलेला मोबाइल क्रमांक खरा असतो, फोन तोच असतो, त्याच फोनवरून त्याने आपले खरे खातेही उघडलेले असते. व्हीपीएन नावाच्या आडवाटेने गेले तर क्रमांक झाकला जातो हे खरे. पण तेव्हा आपले गुपित इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनीच्या हाती जाते, इतकेच. २०२२ च्या त्याच निर्देशांत अशा कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षे ठेवावी असे म्हटले, तेव्हा काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. 

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हा त्यांतला एक. खोट्या नावाचा अभिप्राय त्यात सहज बसतो. पण त्याच यादीत रहोभ्याख्यान आहे, एकांतातली गोष्ट उघड करणे. आणि साकारमंत्रभेदही आहे, दुसऱ्याच्या हावभावावरून त्याचे गुपित ताडून ते जाहीर करणे. खोटे लिहिणारा आणि दुसऱ्याचे झाकलेले उघडे करणारा, दोघेही आचार्य उमास्वामींनी एकाच सूत्रात बसविले आहेत. आयपी क्रमांक हातात घेऊन नाते‌वाइकांत शोधायला निघालेल्या माणसाने यातला दुसरा भाग अवश्य वाचावा.

नाव झाकण्यात प्रत्येक वेळी पाप नसते, हे तर आपल्याला सांगायला नको. मंदिराच्या फलकावर ‘गुप्तदान’ ही ओळ आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो. सासरच्या छळाविषयी सल्ला विचारणारी सून, मालकाच्या भेसळीची वर्दी देणारा नोकर, व्यसनातून सुटू पाहणारा मुलगा, यांना नाव न सांगता बोलता आले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले, त्याचा लाभ अशांना मिळायला हवा. आणि जुन्या शाहजोग हुंडीचा दाखला येथे आठवतो. ती हातोहात फिरे, पण पैसे मिळत ते शाहालाच, पत असलेल्या सावकारालाच. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्याची. वाटेतल्या प्रत्येकाचे नाव चव्हाट्यावर मांडण्याची गरज नव्हती, गरज पडली तर मागे जाण्याची वाट मात्र होती. आयपीची नोंद, न्यायालयाच्या किंवा तपास अधिकाऱ्याच्या मागणीवरच उघडणारी, याच जातीची व्यवस्था आहे. ती वेशीवर टाचणी टोचून चालविण्याची नाही.

त्या आडत्याच्या घरी पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. तरुणाने नकाशाचे छायाचित्र काढले होते. क्रमांक कोणत्या वेळी मिळाला ते त्याने टिपून ठेवले नव्हते, पोर्टचे तर नावही त्याला ठाऊक नव्हते. मुलाकडच्यांनी संदेश पुसला, काही दिवसांनी ते खातेही नाहीसे झाले. पोलिसांकडे कोणी गेलेच नाही. मजकूर लिहिणारा कोण होता हे आजही ठाऊक नाही. मुलीचे लग्न पुढच्या वर्षी दुसरीकडे, चांगल्या घरी झाले. पत्रिका धाकट्या भावाकडे टपालाने गेली, दोन घरांत अंतर चाळीस पावलांचे असताना.

गेल्या क्षमावाणीला थोरले काका काठी टेकीत ती चाळीस पावले चालून गेले. पुतण्या घरी नव्हता, परीक्षा जवळ आली म्हणून पुण्यातच राहिला होता. काकांनी ओसरीवर बसून वहिनींच्या हातचे पाणी घेतले आणि मुलाचा फोन नंबर एका कागदावर लिहून मागितला.